मॅडम वॉकरबद्दल बचत गटात बोलायचंय, नेमकं काय सांगू?

मोरवाडी_कट्टा

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या सिडकोत राहते. आमच्या गल्लीत महिला बचत गट आहे. बहुतेक जणी अंबडच्या कारखान्यांत पॅकिंगला जातात, काही धुणीभांडी करतात, दोघी पार्लर चालवतात. मी घरी जास्वंद-माक्याचं तेल करते आणि ओळखीपाळखीत विकते. ८ मार्चला दरवर्षी कुणीतरी पाहुण्या येतात, शाल-श्रीफळ होतं, 'स्त्री ही शक्ती आहे' म्हणून होतं, मग सामोसे. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, बाहेरचं कुणी नको, तूच बोल. तुझा धंदा केसांचा, तर केसांवरच बोल.

मध्यंतरी ओटीटीवर मॅडम सी. जे. वॉकर यांच्यावरची मालिका पाहिली होती (शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत केसांचं मलम विकून मोठी झालेली काळी बाई), म्हणून तोच विषय धरला. पण नेटवर वाचायला बसले तर जिकडे तिकडे एकच गोष्ट. गुलामांची मुलगी, कपडे धुवायची, खिशात दीड डॉलर, स्वप्नात औषध दिसलं, करोडपती झाली. आमच्या बायकांना असल्या गोष्टी पटत नाहीत हो. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची धुणी धुतलीयत. एकीला सहज सांगून पाहिलं तर ती म्हणाली, "धुणं सोडलं ते कळलं. पण मग केलं काय नेमकं?" मला उत्तर देता येईना.

तर जाणकारांनी सांगावं: तिने नेमकं काय केलं, यातलं किती खरं, आणि वीस मिनिटांत काय सांगण्यासारखं आहे? तिच्या मलमाच्या डबीत काय होतं हे कुणाला माहीत असेल तर तेही सांगा, पार्लरवाल्या दोघी ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

---

पंचवटीकर

ताई, एवढं लांब अमेरिकेला कशाला जाता? सिमोन टाटांवर बोला. जन्म जिनिव्हाचा, १९३०चा. १९५३ साली फिरायला म्हणून भारतात आल्या, १९५५ला नवल टाटांशी लग्न, १९६१पासून लॅक्मेच्या संचालक मंडळावर, १९८२मध्ये अध्यक्ष. आपल्या आयांच्या ड्रॉवरमध्ये जी लिपस्टिक आणि काजळ होतं ते त्यांच्या काळातलं. पुढे लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकून त्यांनी कपड्यांच्या दुकानांचा धंदा उभा केला, वेस्टसाइड तोच. नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पहिल्या वाक्यापासून बायका ऐकतील.

---

रसायनवाली

पंचवटीकर, सिमोनबाईंबद्दल आदर आहेच. पण लॅक्मे १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने सुरू केली होती, बाईंनी ती चालवली आणि वाढवली. काम मोठंच, पण पाठीशी टाटा होते. पॅकिंगला जाणाऱ्या बाईला त्यातून हाती काय लागणार? मोरवाडीताईंची निवड बरोबर आहे.

मी निवृत्त होईपर्यंत सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. क्रीम, शाम्पू, केसांची तेलं. त्यामुळे मी डबीपासूनच सुरुवात करते.

मॅडमचा मुख्य माल 'वंडरफुल हेअर ग्रोअर'. त्यात गंधक, पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचं मेण, खोबरेल, थोडं मोरचूद, आणि गंधकाचा वास दबावा म्हणून व्हायोलेटचा सुगंध. गटात कुणी निफाड-दिंडोरीकडची असेल तर तिला गंधक आणि मोरचूद काय ते समजवायला नको. द्राक्षावर भुरी आली की गंधक, डावणीला मोरचूद-चुन्याचं बोर्डो. दोन्ही बुरशीची औषधं. डोक्यातल्या कोंड्यामागेही एका बुरशीचा हात असतो, आणि गंधकाने खपल्याही सुटतात. त्या काळी तिच्यासारख्या बायकांच्या घरात नळ नव्हते. डोक्यावरून पाणी क्वचित, साबण कॉस्टिकचा, पोटाचे हाल. डोक्याला खाज, खपल्या, जखमा, आणि मग केस गळायचे. तिचे स्वतःचे असेच गळले होते. डोकं स्वच्छ झालं की बंद पडलेले केस पुन्हा येत. तिच्या पद्धतीत नीट आणि वरचेवर डोकं धुणं हा भाग होताच, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त गुण त्या धुण्याचा. (कुणी घरी मोरचूद डोक्याला चोळू नका. लोक काहीही करतात म्हणून लिहिलं.)

आता स्वप्न. ती स्वतःच सांगायची की एक धिप्पाड काळा माणूस स्वप्नात आला, काय काय मिसळायचं ते सांगून गेला, आणि त्यातलं काही आफ्रिकेहून मागवावं लागलं. आपल्याकडे देव दृष्टांत देतो त्यातलाच प्रकार, आणि जाहिरात म्हणून झकास. गंधकाची मलमं मात्र तिच्या आधीपासून औषधांच्या पुस्तकांत होती. आणि तिच्या आधी सेंट लुईसमध्ये एक बाई असाच माल विकत होती, अ‍ॅनी टर्नबो, लग्नानंतर अ‍ॅनी मलोन. तिच्या मालाचं नाव 'पोरो'. आपली मॅडम, मूळ नाव सारा ब्रीडलव्ह, १९०४च्या सुमाराला या अ‍ॅनीबाईंची एजंट होती. दारोदार जाऊन पोरो विकायची. मालिकेत अ‍ॅनीबाईंचं नाव बदलून, उजळ कातडीची दुष्ट प्रतिस्पर्धी म्हणून दाखवलंय, ते मला मुळीच आवडलं नाही.

तेव्हा 'नेमकं केलं काय' याचं पहिलं उत्तर हे, की ती दुसऱ्या एका बाईकडून धंदा शिकली. माल कसा दाखवायचा, समोरचीचं डोकं हातात घेऊन कसं बोलायचं, पुन्हा कधी जायचं. आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना गुरूचं नाव गाळायची खोड आहे, तुम्ही गाळू नका.

लहानपण थोडक्यात उरका. २३ डिसेंबर १८६७, लुईझियानातलं डेल्टा गाव, कापसाचा मळा. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, घरात स्वतंत्र जन्मलेलं हे पहिलं मूल. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, १८८५ला मुलगी, विसाव्या वर्षी विधवा. मग सेंट लुईस, कारण तिथे भाऊ न्हाव्याचा धंदा करत. तिथे वर्षानुवर्षं लोकांची धुणी. तुमच्या गटातल्या बायकांना यातलं काही नवीन नाही, उगाच रडवू नका.

१९०५ला ती डेन्व्हरला गेली. १९०६ला चार्ल्स जोसेफ वॉकरशी लग्न. तो वर्तमानपत्राच्या जाहिरातींतला माणूस. त्याच्या नावावरून 'मॅडम सी. जे. वॉकर', आणि टपालाने माल पाठवायची कल्पना. इथे एक किस्सा जरूर सांगा, तो तिनेच नंतर सांगितलेला आहे. दिवसाला १० डॉलर मिळायला लागले तसं नवऱ्याला वाटलं, झालं की, आता पुरे. तिला वाटत होतं, ही तर सुरुवात. पुढे दोघं वेगळे झाले, नाव मात्र तिने ठेवलं. धंद्याला लागलेलं नाव कोण सोडतं!

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डबी कुणीही भरू शकतं. मी आयुष्यभर भरल्या आहेत. तिचा खरा माल म्हणजे एजंट बाया. १९०८मध्ये पिट्सबर्गला मुलीच्या नावाने तिने 'लेलिया कॉलेज' काढलं, टपालानेही शिक्षण सुरू केलं. डोकं कसं तपासायचं, कसं धुवायचं, मलम कसं लावायचं हे शिकायचं आणि मग विकायला निघायचं. पांढरा ब्लाउज, लांब काळा स्कर्ट, हातात काळी बॅग. काळ्या बाईला तेव्हा कामं दोनच, शेत नाहीतर दुसऱ्याचं स्वयंपाकघर. ती बाई नीट कपड्यात, स्वतःची बॅग घेऊन, स्वतःच्या कमाईसाठी दार वाजवते आहे, हे चित्र बायकांसमोर उभं करा. एका एजंटने मॅडमला पत्रात लिहिलं होतं की दुसऱ्या कामात महिन्याला जेवढं मिळतं तेवढं इथे आठवड्यात होतं. १९१०ला इंडियानापोलिसमध्ये स्वतःच्या जागेत कारखाना घातला, आणि कारखान्याचा रोजचा कारभार बघायला आधी शिक्षिका असलेली एक बाई नेमली, अ‍ॅलिस केली. हे फार कुणी सांगत नाही.

भाषणाला जोर हवा असेल तर १९१२ची शिकागोची परिषद घ्या. काळ्या उद्योजकांची परिषद, प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन. हे गृहस्थ तिला बोलू देईनात. शेवटच्या दिवशी ती उभीच राहिली आणि बोलायला लागली. आशय असा: मी दक्षिणेच्या कापसाच्या शेतातून आले, तिथून मला बढती मिळाली धुण्याच्या टबाकडे, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून पुढची बढती मी माझी मला दिली; स्वतःच्या जमिनीवर स्वतःचा कारखाना बांधलाय. पुढच्या वर्षीच्या परिषदेत ती निमंत्रित वक्ती होती. हा उतारा तुमच्या भाषेत, अंबडच्या शिफ्टच्या भाषेत करून सांगा, टाळ्या पडतील.

'करोडपती' जपून. १९१७मध्ये तिनेच सांगितलं होतं की मी अजून दशलक्षाधीश नाही, व्हायची इच्छा आहे. २५ मे १९१९ला वयाच्या ५१व्या वर्षी गेली तेव्हा मिळकत साधारण ६ लाख डॉलरची भरली. त्या काळात हेही अफाटच.

---

गोदाकाठ_वाचक

रसायनवाली, प्रतिसाद झकास. गंधक-मोरचुदाचं द्राक्षाशी नातं माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. पण तुम्ही कारखान्यात फारच रमलात, थोडी भर घालतो.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ साली काढलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा ही सारा पाच वर्षांची होती आणि कापसाच्या मळ्यातच होती. कायद्याने सुटका झालेली, बाकी सगळं जागच्या जागी. आपल्याकडच्या श्रोत्यांना ही एवढी एक ओळ सांगितली तरी काळ डोळ्यांपुढे येतो.

दुसरं. इंडियानापोलिसच्या एका नाट्यगृहात तिकीट १० सेंट होतं, तिला सांगितलं, काळ्यांना २५. तिने नाट्यगृहावर दावा ठोकला. पुढे तिच्या कंपनीने त्याच शहरात स्वतःची मोठी इमारत बांधली, आत नाट्यगृहासकट. १९२७ला ती उघडली, मॅडम तोवर गेल्या होत्या. नाशिककरांना दारात अडवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीचीच तारीख. तुमच्या गटातल्या किती जणींच्या आज्या-पणज्या त्यात असतील, विचारून बघा. मला तर वाटतं भाषण तिथूनच सुरू करावं.

आणि १९१७ विसरू नका. त्या वर्षी फिलाडेल्फियात तिने आपल्या एजंटांचं अधिवेशन भरवलं, दोनशेहून जास्त बायका. बक्षिसं नुसती विक्रीला नव्हती, समाजकामाला सर्वांत जास्त देणगी देणाऱ्या शाखांनाही होती. त्याच उन्हाळ्यात ईस्ट सेंट लुईसमध्ये काळ्या वस्तीवर हल्ले होऊन माणसं मारली गेली होती. या बायकांनी अधिवेशनातून थेट राष्ट्राध्यक्ष विल्सनना निषेधाची तार केली. केसांचं मलम विकणाऱ्या बायका! मॅडम स्वतःही हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीच्या, पुढाऱ्यांबरोबर व्हाइट हाउसवर धडकल्या. मरणाआधी झुंडबळींविरुद्धच्या लढ्याला ५,००० डॉलर दिले.

---

उगाच_एक_शंका

सगळं ठीक. पण शेवटी तिने काळ्या बायकांना गोऱ्यांसारखे सरळ केस करायलाच शिकवलं ना? न्यूनगंडावर उभा राहिलेला धंदा तो. आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमवाल्यांपेक्षा वेगळं काय? ८ मार्चला हे सांगणार का?

---

रसायनवाली

शंका उगाच नाही, रास्त आहे. तिच्या हयातीतही तिच्याच समाजातले लोक हे बोलत होते. बुकर वॉशिंग्टनना केसांच्या धंद्याचं वावडं होतं त्यात हेही कारण होतं.

तापवलेली फणी तिने शोधली असं सर्रास लिहितात, ते खोटं आहे. फणी तिच्या आधीची. पण तिच्या पद्धतीत ती होती, तिच्या पार्लरांत केस त्याने सरळ होत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती स्वतः 'केस सरळ करणारी' म्हटलेलं खपवून घ्यायची नाही. म्हणायची, मी केस वाढवते. डोक्याला खवडे पडलेल्या बाईला आधी केस हवे असतात, सरळ की कुरळे हे नंतरचं. मला तिचं म्हणणं निम्मं पटतं. उरलेलं निम्मं धंदेवाईक.

एक फरक आहे, तो नोंदवा. ती जिवंत असेपर्यंत कंपनीने कातडी उजळण्याचा माल विकला नाही. ती गेल्यावर कंपनीने तोही आणला. आपल्याकडची ती प्रसिद्ध क्रीम १९७५ला आली आणि नावातला गोरेपणा काढायला २०२० उजाडलं. मी त्याच धंद्यात होते. गिऱ्हाईक दुकानात येऊन काय मागतं ते मी पाहिलंय, सगळा दोष कारखान्याच्या माथी मारू नका.

सांगायचं की नाही? सांगा. दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. तुमच्या पार्लरवाल्या रोज तेच करतात, स्मूदनिंग म्हणजे दुसरं काय? त्यांना हा वाद तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळेल.

---

देवळाली_मेल

अ‍ॅनी मलोनचं पुढे काय झालं?

---

गोदाकाठ_वाचक

मोठं झालं. १९१८ला सेंट लुईसमध्ये पोरो कॉलेजची भली मोठी इमारत बांधली. वर्ग, कारखाना, सभागृह, राहायची सोय, सगळं एका छताखाली. शहरातल्या हॉटेलांत काळ्यांना थारा नव्हता, त्यामुळे समाजाच्या सभा-समारंभ तिथेच होत. काळ्या मुलांच्या अनाथाश्रमाच्या मंडळाच्या त्या १९१९ ते १९४३ अध्यक्ष होत्या, पुढे आश्रमाला त्यांचंच नाव दिलं. मध्ये नवऱ्याने घटस्फोटात धंद्याचा निम्मा हिस्सा मागितला, १९२७ला २ लाख डॉलर देऊन मिटवलं. मग शिकागोला गेल्या. कज्जे आणि कराच्या थकबाकीने धंदा खंगला. १९५७ला वारल्या. मॅडमच्या नावाचं १९९८ला अमेरिकेत टपाल तिकीट निघालं. अ‍ॅनीबाईंच्या नावाने सेंट लुईसला दर मे महिन्यात मिरवणूक निघते.

---

मोरवाडी_कट्टा

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ठरलं असं: स्वप्न आणि दीड डॉलर गाळते. काळारामापासून सुरू करते, मग अ‍ॅनीबाई, मग 'दिवसाला १० डॉलर पुरे' वाला नवरा (यावर हशा नक्की), मग एजंट बाया, तार, आणि शिकागोचं भाषण. फणीचा वाद पार्लरवाल्यांनाच बोलायला लावते.

काल गटात हे थोडं बोलले तर दोघी म्हणाल्या, मग तुझं तेल आम्ही का विकू नये? रसायनवाली मावशी, म्हणून विचारते. चौघींना कमिशनवर विकायला दिलं तर चालेल का? आणि लेबलवर 'नवीन केस उगवतात' लिहू का? खरंच फरक पडतो हो माझ्या तेलाने.

---

रसायनवाली

मुळीच लिहू नका. औषध नियमांत अनुसूची जे म्हणून एक यादी आहे, जे बरं करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही अशा गोष्टींची. टक्कल त्यात आहे, नवीन केस उगवणंही आहे. मॅडमच्या डबीवरचं 'हेअर ग्रोअर' हे नाव आज आपल्याकडे अडकलं असतं. 'केसांसाठी जास्वंद-माक्याचं तेल' एवढंच लिहा, गिऱ्हाईकाला बाकीचं कळतं.

विकायला देण्याआधी परवाना. घरी केलं तरी विकण्यासाठी केलेलं सौंदर्यप्रसाधन अन्न व औषध प्रशासनाच्या परवान्याशिवाय चालत नाही, आणि आयुर्वेदिक म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा. जागा, स्वच्छता, माल तपासायची सोय, जाणकार माणूस, हे सगळं बघतात. स्वयंपाकघरात भागत नाही, म्हणून गटाच्या नावाने एखादी खोली बघा. ते जमणार नसेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून आपल्या नावाने तेल करून घ्यायची वाट आहे, सातपूर-अंबडला चौकशी करा. बाटलीवर घटक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, आणि परवाना क्रमांक, सगळं हवं. तेलात पाण्याचा अंश राहिला तर ते खवट होतं आणि बुरशीही धरतं. ताजा माका टाकत असाल तर तडतड पूर्ण थांबेपर्यंत उतरवू नका.

कमिशनचं जरूर करा, पण लेखी. कुणी किती बाटल्या नेल्या, किती परत आल्या. आणि चौघींना आधी डोकं तपासायला शिकवा. खपल्या, जखमा, चट्टे दिसले तर तेल न विकता डॉक्टरकडे पाठवायचं. कुणाला पाठवायचं ते ओळखायला मी शिकवीन, दुपारी तीननंतर मोकळी असते. मेसेज टाका.